गळ्याचे टाके

वहीवर लिहिलंय, 'शेंगांचा हिशेब'.
शेंगा चार पानांत संपल्या.
पाचव्या पानापासून स्वेटर.

अक्षर नीलव्वा हुणशीकट्टीचं.
शब्द मराठी, आकडे कानडी,
कारण शिकवणारी माझी आई
आणि मोजणारी ती.
वडगाव सोडून लेकाकडे गेली तेव्हा
वही आमच्या कोनाड्यात ठेवून गेली,
परत येणार असल्यासारखी.

'साठ टाके घालणे.
बॉर्डर : दोन सुलट, दोन उलट, बारा ओळी.
हात सैल. बॉर्डर ताणली पाहिजे,
नाहीतर पोर रडतं.'
मग साबुदाणा वीण,
मग कणसाची, तिच्यापुढे कंसात :
'सुशीलाला जमली नाही.'
सुशीला म्हणजे माझी आई.

शेजारी माग चालतो.
खटखट, खटखट,
संध्याकाळपर्यंत साडी उतरते त्याच्यावरून.
माझ्या सुयांवरची पाठ
आठवडाभर बगलेपाशी अडून बसलीय.
पांगुळ गल्लीतला दुकानदार म्हणाला,
"हातानं कोण विणतंय ओ आता?
तिबेटी लोकांकडं तयार मिळतोय की, साडेतीनशेला."
म्हणाला, आणि हळदी लोकरीच्या चार लड्या
हिशेबापेक्षा जास्तच मोजल्या :
"परत ह्योच रंग मिळायचा नाही, बघा."

आईसारखीच मीही मोजते कानडीत.
ओंदु, एरडु, मूरु.
मराठीत मोजलं तर मध्येच कुणीतरी हाक मारतं
आणि आकडा सांडतो.

सतराव्या पानावर गळा.
नाल्याचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी
कोनाडासुद्धा भिजला होता.
'गळ्यासाठी मधले'
आणि पुढे निळा डाग,
पुन्हा डागाच्या पलीकडे : 'टाके बंद करणे.'
किती, ते पाण्याला ठाऊक.

बैलहोंगलची बस, खिडकीची जागा,
पिशवीत पाठ पूर्ण, पुढची बाजू अर्धी.
नीलव्वानं आधी कडक भाकरी पुढे केली,
मग विचारलं, "काय करुलालीस गे, उज्जू?"
बोटं तिची आता वळत नाहीत,
सुई धरली तर सुईच तिला धरते.
डागावर तिनं अंगठा फिरवला,
जणू खाली अजून ओल असेल.
"नेनपिल्ल," म्हणाली. आठवत नाही.

"यारिगे?"
भावाच्या नातवाला. खानापूरला असतात. सात महिन्यांचा.
"डोकं केवढं?"
मी दोन्ही तळवे उचलले,
मधे तेवढी जागा धरली.
ती उठली, लोकरीचं टोक घेतलं
आणि त्या जागेभोवती,
जिथं कुणीच नव्हतं,
हळूच गुंडाळलं. कपाळ, कानांच्या वर, मागून.
मी हात हलवला नाही.
इतकी सावध मी
खऱ्या बाळाला धरतानाही नव्हते.

धागा सुईवर ठेवून मोजलं.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मग म्हणाली, "साकु."
आणि माझ्या पुढच्या बाजूकडे बघून :
"सहा ओळी बिच्चु."
उसवायच्या. म्हणजे दोन दिवस.
मी सुई काढली.
धागा सरसर सुटत आला, सुटून सरळ झाला नाही,
टाक्यांची वळणं अंगावर घेऊनच
माझ्या मांडीवर साचला.
"कणसाची वीण आईपेक्षा बरी येते तुला,"
ती म्हणाली, आणि लगेच,
"थोडीच बरी."

परतीच्या बसमध्ये गळा वळवला.
दोनाचा एक, दोनाचा एक.
कंडक्टरनं तिकीट विचारलं दोनदा,
पहिल्यांदा कानडीत, मग मराठीत,
मी दोन्हीला "एकोणीस" म्हणाले.

घरी येऊन वही उघडली.
डागावर आकडा लिहायला पेन उचललं,
पण पुढच्या पोराचं डोकं
ह्याच्याएवढं कशाला असेल?
लिहिलं : 'डोकं बघून.'

बाह्या अजून व्हायच्यात.
हळदी लोकर दीड लडी उरलीय,
आणि थंडी, फार तर,
फेब्रुवारीपर्यंत.